बिनआवाजाच्या वराती

लग्नाचा व्हिडिओ बघताना बँडवाल्याकडं कुणी बघत नाही. बघायचं तरी कशाला? नवरी असते, नवरा असतो, रुसलेली आत्या असते, फेटा घसरलेला मामा असतो. बँडवाला म्हणजे मागचा रंग. मी मात्र सबंध एक वर्ष लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ नुसता बँडवाला बघायसाठी बघितले. तो बँडवाला मीच होतो. अनोळखी घरांत, अनोळखी सोफ्यावर बसून, दुसऱ्यांच्या लग्नाचे लाडू खात मी मला शोधत होतो. आता दुपारी जरा डोळा लागला की त्याच वराती येतात. घोडा चाललाय, बायका नाचताहेत, माझे गाल फुगलेत, आणि आवाज कुठंच नाही.

मी क्लारनेट वाजवतो. गाव गडमुडशिंगी. शिक्षण तिसरी, तीही अर्धी. पण बँडमध्ये जो पुढं उभा राहून सूर धरतो त्याला मास्तर म्हणतात. त्यामुळं शाळेतल्या मास्तरांनी हाकलून लावलेला मी पुढं अख्ख्या कोल्हापूरचा मास्तर झालो. कलेक्टरची बदली होते, मास्तराची होत नाही.

बँडचा धंदा बाहेरच्याला कळत नाही म्हणून सांगतो. वाद्यं मालकाची, कपडे मालकाचे, टेम्पो मालकाचा. आपलं काय, तर फुंक. माझ्याजवळ त्याशिवाय क्लारनेटचं तोंड होतं, म्हणजे जे ओठात धरतात ते. ते मी कधी कुणाला दिलं नाही. दुसऱ्याच्या तोंडातलं तोंड घेऊन वाजवणं मला जमत नाही. लग्नाची सुपारी मालक घेतो. हंगामभर आम्हाला जेवण, चहा आणि वरखर्चाला थोडंफार. खरा पगार हंगाम सरल्यावर, कोट जमा करायच्या दिवशी. त्या दिवशी आम्ही आपापला लाल कोट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून मालकाच्या दारात न्यायचा. मालक कोट घेणार, पाकीट देणार. कोट दिला, पाकीट घेतलं, हंगाम संपला. यात कागद नाही, सही नाही. एकमेकांच्या तोंडाकडं बघून चाललेला धंदा.

आमचा मालक रघू. बँड त्याच्या वडलांचा, आबांचा. आबांनीच मला आणि रघूला एका घोंगड्यावर बसवून शिकवलं. मला क्लारनेट, त्याला ट्रंपेट. मी चुकलो की रघूला मार बसायचा आणि रघू चुकला की मला. आबांचं म्हणणं, दुसऱ्याची चूक कानाला लागली पाहिजे. आबा गेले, रघू मालक झाला, लोक त्याला रघूशेठ म्हणायला लागले. मी रघ्याच म्हणत राहिलो. भांडणाचं मूळ कदाचित तिथंच असेल.

करोनानंतर लग्नं पुन्हा सुरू झाली ती धरण फुटल्यासारखी. सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी एक. ओठ फुटले तरी आम्ही वाजवत होतो. हंगाम सरला. आम्ही कोट घेऊन रघूच्या दारात बसलो. त्यानं एकेक कोट आत घेतला आणि हात हलवत बाहेर आला.

"पाकीट?" मी विचारलं.

"पुढल्या साली बघू, मास्तर. एवढे दिवस बँड घरात बसून हुता. वर ह्या डॉल्बीनं धंदा खाल्ला."

"डॉल्बीनं खाल्ला, तर डॉल्बीचा पगार काप की. माझा का कापतोस?"

सगळे हसले. रघू हसला नाही. मालकाला हसवून पगार मागावा, मालकावर हसवून मागू नये. पण हे शहाणपण मला कधीच नव्हतं, आणि आता यायची आशा नाही.

बाकीचे उठले आणि गेले. त्यांना त्यानं मागाहून चोरून थोडं थोडं दिलं म्हणे. मला निरोप आला, "मास्तरांनी घरी येऊन माफी मागावी, मग बघू." मी म्हटलं, माझा पगार आणि माफी मीच मागायची? मी गेलो कामगार कचेरीत.

एक वकील वाटेत भेटले. म्हणाले, "काका, केस लहान आहे, माझी फी मोठी आहे." भला माणूस, खरं बोलला. कचेरीतल्या मॅडमनी मला सांगितलं की त्यांच्यासमोर समेटाच्या टेबलाला वकील चालतच नाही. दोघांनी समोरासमोर बसायचं आणि आपल्या तोंडानं बोलायचं. मी म्हटलं, "मॅडम, आयुष्यभर तोंडानंच खाल्लं. चालतंय की."

अर्ज मी बोललो तसा तिथल्या एका कारकुनानं उतरवून घेतला. तो सारखा म्हणत होता, "काका, एवढं नको, मुद्द्याचं सांगा." मुद्दा म्हणजे काय हे मला अजून नीट कळलेलं नाही. माझ्या मते सगळाच मुद्दा होता.

तुळशीची लग्नं लागली, नवा हंगाम आला. मी दाढी करून रघूच्या दारात गेलो. माझा लाल कोट दुसऱ्याच्या अंगावर. खांद्यात ढगळ होत होता त्याला. रघू माझ्याकडं न बघता म्हणाला, "जागा भरली, पावणं."

पावणं! ज्याच्या पाठीवर माझ्या चुकीचे वळ उठले त्यानं मला पावणं म्हटलं. मी दुसऱ्या बँडकडं गेलो, तिसऱ्याकडं गेलो. सगळीकडं चहा मिळाला. तिसरा मालक तेवढा स्पष्ट बोलला, "मास्तर, तुमच्यासारखी फुंक न्हाय, मान्य. पण तुम्ही कचेरीवालं. रघूशेठनं सगळ्यास्नी सांगून ठेवलंय. आमास्नी नगं ती भानगड."

पगार बुडवणं ही एक गोष्ट. पगार मागितला म्हणून वाजवायचंच बंद करणं ही दुसरी. पहिल्यानं पोट दुखतं. दुसऱ्यानं काय दुखतं ते बँडवाल्यालाच ठाऊक. रस्त्यानं वरात जायची, मी दारात बसून ऐकायचो, आणि माझी बोटं मांडीवर चालायची. घरी क्लारनेटचं नुसतं तोंड फुंकून बघायचो, ते क्वॅक् करायचं. माझी बायको हिरा आतून ओरडायची, "त्या बदकाला आदी पानी पाजा!"

मी अर्जात भर घातली. नुसता पगार नको, माझी जागा पाहिजे. पुढच्या ओळीतली.

पहिल्या तारखेला रघू आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मॅडमना म्हणाला, "साहेब, ह्यो माणूस माझ्याकडं कामालाच न्हवता. हौशी हाय. नादानं यायचा, जेवायचा, जायचा. आमी म्हाताऱ्या माणसाला न्हाय कसं म्हणायचं?"

मी उठलो. खुर्ची मागं पडली. मॅडम म्हणाल्या, "बसा काका. तुम्ही तिथं काम करत होता याला काही पुरावा?"

बँडमधला एकही जण यायला तयार नव्हता. त्यांची पण पोरंबाळं आहेत, मी राग धरत नाही, तसा थोडा धरतो. रात्री जेवताना हिरा म्हणाली, "अवो, एवड्या लग्नांत वाजवलंसा. कुणाच्या तरी शूटिंगात घावशीला की." मी घास हातात घेऊन तिच्याकडं बघत राहिलो. एवढं सोपं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मला पत्ते येत नाहीत, दारं येतात. ज्या दारात उभं राहून वाजवलं ते दार मी विसरत नाही. कुठल्या दारावर गणपती, कुठं पायरी मोडकी, कुठं शेजारी निंबाचं झाड. त्या दारांच्या आठवणीवर आम्ही दोघं निघालो. हिरा म्हणाली, "मी बी येतो. एकट्या बाप्याला कोन लग्न दावंल?" आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, येतो, जातो. बाहेरच्याला वाटतं भांडताहेत.

पहिलं दार शाहूपुरीतल्या एका जैन व्यापाऱ्याचं. थोरली सून दारात आली. मी सांगितलं, तुमच्या लग्नात मी वाजवलं होतं, मला ते बघायचंय. तिला आधी काही कळेना. मग एवढी हसली की आतून सासू आली, सासरे आले, दीर आला. मोठ्या टीव्हीवर पेनड्राईव्ह लागला. आणि काय सांगू, सगळं घर आपलंच लग्न बघण्यात गुंग झालं. "ही बघ मोठ्या काकी कशा नाचल्या!" "त्या वेळी तू बारीक होतास रे." मला कोणी विसरलं, कोणी मांडीवर चिवड्याची बशी ठेवली. पडद्यावर सगळं सावकाश चाललेलं. ते शूटिंगवाले असं हळू करतात. फुलं हवेतून खाली यायला कितीतरी वेळ घेत होती. नवरी मान वळवते आणि मान वळतच राहते. आणि मग घोड्याच्या शेपटीमागं मी. लाल कोट, फुगलेले गाल, मिटलेले डोळे. एक पापणी हलेपर्यंत दिसलो आणि गेलो. मी मला वाजवताना कधी बघितलं नव्हतं. एवढा म्हातारा कधी झालो? आणि एवढा सुखात दिसतो मी?

"थांबवा! मागं घ्या!" हिरा ओरडली. "आमचं ह्ये!"

मग सगळ्या घरानं मला चार वेळा बघितलं. सासरे म्हणाले, "पाहुणे, तुम्ही आमच्या लग्नात होता आणि आम्हाला दिसला नाहीत." त्यांनी व्हिडिओ काढून दिला.

दुसरं दार वारणानगरच्या कॉलनीतलं. दुपारची वेळ, पोरं शाळेत, गल्लीत कुणी नाही, दोरीवरची धुणी तेवढी हलत होती. दार उघडलं ती मुलगी मला ओळखीची वाटली. लग्नात बघितलेली नवरी दोन वर्षांनी घरच्या कपड्यात कशी दिसते ते मला तिथं कळलं. तिच्या आईनं खुणेनं मला सांगितलं, नको, ती परत आलीय, मोडलंय. मी उठलोच. पण मुलगी म्हणाली, "बसा काका. आहे माझ्याकडं." तिनं फोन आमच्या हातात दिला आणि म्हणाली, "तुम्ही बघा. मी चहा टाकते."

आम्ही दोघांनी जीव मुठीत धरून बघितलं. हिरा एरवी प्रत्येक साडीवर बोलते, त्या दिवशी गप्प. सगळी वरात पाण्याखालून चालल्यासारखी. माझ्या मागं नवरीची गाडी, गाडीच्या काचेत तिचं तोंड, हसणारं. मान वर केली तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून आमच्या खांद्यावरून बघत होती. चहा उतू गेला. ती म्हणाली, "बँड छान होता, नाही?" आई काही बोलणार तेवढ्यात म्हणाली, "घेऊन जा काका. एवढं तरी कुणाच्या कामाला येऊ दे."

परतीच्या गाडीत हिरा खिडकीकडं तोंड करून बसली होती. 

अशी बरीच दारं झाली. काही उघडली, काही नाही. पुढच्या तारखेला मी ऐटीत गेलो. मॅडमनी कॉम्प्युटरवर लावलं. मी दिसलो, परत दिसलो, कोट दिसला, कोटावरचं बँडचं नाव दिसलं. रघू मान तिरपी करून बघत होता. मग हसला. ते हसणं मी लहानपणापासून ओळखतो, आबांची काठी माझ्यावर पडायच्या आधीचं.

"साहेब, आवाज वाढवा की जरा."

मॅडमनी वाढवला. सिनेमातलं गाणं. सगळ्या व्हिडिओंत तेच. शूटिंगवाले बँडचा आवाज काढून टाकतात आणि वर सिनेमातलं गाणं चिकटवतात. घरोघरी हिंडताना हे माझ्या कानांनी ऐकलेलं, पण मनात आलं नव्हतं. मी फक्त मला बघत होतो.

"ह्यो वाजवतोय कुठं?" रघू म्हणाला. "नुसता तोंडाला लावून हुबा हाय. ही आमची भरतीची माणसं, साहेब."

आता हे भरतीचं सांगायला पाहिजे. गिऱ्हाईक म्हणतं, मोठा बँड पाहिजे. मालकाकडं वाजवणारे तेवढे नसतात. मग शेतातली, गॅरेजमधली, कुठलीही माणसं धरून त्यांना कोट घालतात आणि हातात वाद्य देतात. गाल फुगवायचे, फुंकायचं नाही. तेवढ्याचे जेवण आणि थोडे पैसे. सगळे बँडवाले करतात आणि कुणी गिऱ्हाइकाला सांगत नाही. रघूनं धंद्याचं गुपित मॅडमसमोर उघडं केलं आणि मला त्यात बसवलं. नुसता उभा राहणारा! पगार बुडवला तेव्हा मी भांडलो होतो. त्या दिवशी त्यानं माझी फुंकच बुडवली. मॅडम म्हणाल्या, "काका, आवाज असलेला व्हिडिओ मिळाला तर बघा."

मिळेना. मी दारात जाऊन आधीच विचारायचो, "तुमच्या शूटिंगात गाणी हायत का?" लोक कौतुकानं सांगायचे, "हायत की, येकसे येक!" आणि मी दारातूनच परत फिरायचो.

शेवटी चंदगडचं एक दार आठवलं. टेम्पोनं गेलो होतो, काजूच्या झाडीतून, ढग रस्त्यावर उतरलेले. या खेपेला आम्ही एसटीनं गेलो. तिथं पाऊस पडतो म्हणत नाहीत, पाऊस राहतो. घरचे यजमान मोठे भातवाले, ओटीवर बसून काजू फोडत होते. मी गाण्यांचं विचारलं. ते खजील झाले.

"गाणी न्हाईत हो आमच्यात. त्या पोरानं कच्चंच दिलं."

"कच्चं म्हणजे?"

"जसं काढलं तसं. त्याचं थोडं द्यायचं राहिलेलं. म्हणाला, पुरं पैसं द्या मग गाणी घालतो. आमी म्हटलं, मग नको गाणी."

त्यांच्या पोरीनं फोनवर लावलं. आधी पाऊस ऐकू आला, ताडपत्रीवरचा. मग लोकांचा गलका, कुणाचं तरी मूल रडतंय. आणि मग माझी फुंक.  बाहेरच्या ढगातून आल्यासारखी ती त्या ओटीवर आली. कॅमेरा सगळा नाचणाऱ्या बायकांवर होता, खांद्यांच्या मधून एखाद्या वेळी लाल बाही तेवढी दिसत होती, पण आवाज सगळा माझा. हिरानं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, हे असंच चालत राहावं, कचेरी नको, तारीख नको.

संपलं. यजमान म्हणाले, "घेऊन जा की."

घ्यायचं आणि निघायचं, एवढंच काम होतं. हिरा माझ्याकडं बघत होती, गप्प बसा म्हणून. मी गप्प बसलो होतो. खरंच बसलो होतो. पण तोंड माझंच.

"त्या पोराचं पैसं दिलं न्हाईसा अजून?"

यजमानांचा अडकित्ता थांबला. "तुमाला काय करायचंय?"

"मी पगाराच्या कज्ज्यासाठी हितवर आलोय. दुसऱ्याच्या बुडवलेल्या पगाराचं शूटिंग घेऊन कुठल्या तोंडानं जाऊ?"

हिरानं मला चिमटा काढला तो अजून दुखतो. यजमान उठून आत गेले. आता व्हिडिओ गेला, असंच मला वाटलं.  मग ते फोन कानाला लावूनच बाहेर आले. "व्हय, व्हय, तुजंच पैसं. येऊन घेऊन जा म्हणतोय न्हवं? आणि पावण्यास्नी ते द्यायचं कसं, त्ये पोरीला सांग." फोन पोरीकडं देऊन ते माझ्याकडं वळले. "लई वांड हायसा, पावणं. जेवून जावा."

तो पोरगा गेला की नाही, त्याला मिळाले की नाही, मला ठाऊक नाही. एकदा परत जाऊन विचारायचं होतं, राहून गेलं.

शेवटच्या तारखेला मॅडमनी तो व्हिडिओ लावला. रघूला अपेक्षा नव्हती. आवाज आला तसा तो ताठ झाला. पण मालक तो मालक.

"ही फुंक दुसऱ्याची, साहेब. आमच्यात दोन क्लारनेट असतात. मास्तर कुठं दिसतोय? बायका दिसत्यात."

खरंच होतं. सूर होता तिथं मी नव्हतो, मी होतो तिथं सूर दुसऱ्याचे. मॅडमनी कपाळाला हात लावला. व्हिडिओ मात्र बंद केला नाही, का कोण जाणे. त्या पण ऐकत होत्या. संथ चाल होती, नवरी निघतानाची, आबांनी बसवलेली. कचेरीतला पंखा फिरत होता. खिडकीतून रिक्षांचे आवाज येत होते, ते हळूहळू येईनासे झाले. मी रघूकडं बघितलं. त्याचे डोळे मिटले होते. टेबलाच्या कडेवर त्याची तीन बोटं ट्रंपेटवर चालावी तशी चालत होती. आम्ही दोघं घोंगड्यावर होतो. आबा समोर होते.

आणि मधेच रघूनं च्चक् केलं.

"हितं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "हितंच मोडतोस तू. आबांनी किती येळा सांगितलं, ओळ पुरी झाल्याबिगर दम घिऊ नगंस. तुज्यापायी मार मी खाल्ला, आणि अजून मोडतोसच."

"मग तू माज्यावर चढून यायचास म्हणून!" मी पण बोललो.

"मी कुठं चढून येतो? ऐक की, मी हाय तरी का तितं?"

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. "रघुनाथराव, कोण मोडतं?"

"ह्यो की," रघू म्हणाला, आणि त्यानं डोळे उघडले.

 मॅडमनी लिहायला घेतलं. रघू त्यांच्या पेनाकडं बघत राहिला. मला वाटलं होतं, ह्या क्षणाला मी नाचेन. नाचावंसं वाटलं नाही. दुसऱ्या कुठल्याही मालकानं ते ऐकून तोंड मिटून ठेवलं असतं. रघूला ते जमलं नाही, कारण चुकलेला सूर ऐकून गप्प बसायला आबांनी आम्हाला शिकवलंच नव्हतं.

समेटाचं बोलणं सुरू झालं. रघूनं एकदम मोठं मन दाखवलं. सगळा पगार देतो, वर आणखी देतो. फक्त मास्तरांनी आपल्या मर्जीनं काम सोडलं असं लिहून द्यावं. मॅडम म्हणाल्या, "विचार करा काका. वय झालंय."

मी बाहेर आलो. हिरा बाकड्यावर बसली होती. तिचे गुडघे गेलेत, घराचे पत्रे गळतात, तिला ठाऊक नाही असं काही नव्हतं.

"घ्या की," ती म्हणाली.

"आणि जागा?"

"जागा घिऊन काय तिच्यावर झोपनार हायसा? घ्या म्हनतो मी."

तिचं बरोबर होतं. अजून ती म्हणते, बरोबर होतं. मी आत गेलो आणि म्हटलं, "वरचे पैसे नको. माझा पगार आणि माझी जागा."

"आता फुंकणार कशानं?" रघू भडकला. "दात तरी राहिल्यात का?"

"येऊन मोज."

मॅडम हसू दाबत लिहीत होत्या. दोघांनी सह्या केल्या. माझी सही व्हायला वेळ लागतो, तोवर सगळे थांबले.

त्यानंतर माझ्याकडं माणसं यायला लागली. मंगल कार्यालयातल्या भांडी घासणाऱ्या बाया, मांडववाल्याची पोरं, एकदा तर घोडेवाला घोड्यासकट दारात. मी त्यांना एवढंच सांगतो. आपल्या तोंडानं बोला, उगाच मोठे शब्द वापरू नका. दिलेल्या कागदाची पोच घ्या. मालकावर हसू नका. आणि तुम्ही काम करताना कुणी बघितलं ते आठवा, बघणारा तुम्हाला ओळखत नसला तरी चालेल. घोडेवाल्याला हे लगेच पटलं. त्याचा घोडा सगळ्यांच्या लग्नात दिसतो.

पण जागेचं सांगायचं राहिलं.

हंगामाची पहिली वरात शहरातलीच होती. माझा कोट मला परत मिळाला, धुतलेला, खांद्यात कुणी तरी टाके घातलेला. बँडमधलं कुणी माझ्याशी बोललं नाही. माझ्या तारखांच्या भीतीनं त्यांची राहिलेली पाकिटं पण निघाली होती, पण ते कुणी बोलत नाही, आणि मी तो विषय काढत नाही. मी पुढच्या ओळीत डाव्या हाताला उभा राहिलो. ऊन कललं होतं, घोड्याच्या गळ्यातल्या आरशांतून सगळ्यांच्या अंगावर उजेडाचे तुकडे पडत होते. रघूनं हात वर केला, आणि मी फुंकलं.

आला सूर. पहिल्या दोन चालींना आला. पण ओठ कामावाचून मऊ पडतात, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आणि स्वतःच्या बाबतीत विसरलो. कार्यालयाच्या कमानीजवळ नवरा उतरेपर्यंत लांबवायची संथ चाल लागली, आणि ओळीच्या अर्ध्यात माझ्या फुंकीतून नुसती हवा निघाली. बोटं चालताहेत, गाल फुगलेत, आवाज नाही. लोक नाचतच होते. कुणाला कळणार नव्हतं. पण रघूला कळलं. तो पुढं, बँडकडं तोंड करून उलटा चालत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हसणार.

तो चालत माझ्या शेजारी आला आणि उभा राहिला. माझी ओळ जिथं तुटली तिथून त्यानं ट्रंपेटवर उचलली. माझ्याकडं न बघता, हळू, क्लारनेटची ओळ क्लारनेटसारखी. सबंध एक ओळ, मग दुसरी. माझ्या छातीत श्वास परत आला, ओठांना ओल आली. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागून कॉलरीत गेला, तो मी बघत होतो.

मग त्यानं ट्रंपेट खाली घेतला.

"झालं न्हवं?" तो पुढं बघतच म्हणाला. "वाजीव आता. पगार घेतोयस."

मी तोंडाला लावलं.